जागा क्रमांक चार

बस, लीबेर. येर्बा घे. नळीनं ढवळू नकोस,
तुझ्या आईलाही तीच खोड होती.

तुझा कायदा वाचला मी, चष्मा पुसून, दोनदा.
न्यायाधीशाची सही, नव्वद दिवसांची मुदत,
खाली तुझं नाव.
तू भला माणूस आहेस. त्यावर वाद नाही.

कॅप्टन ओदोनेही भलाच होता.
अडुसष्टच्या हिवाळ्यात बेकरीवाल्याची मुलगी पळवली,
तेव्हा टोपी काढून आला आमच्या एक्स्चेंजमध्ये.
म्हणाला, बाई, एक वायर जोडायची आहे,
एकाच घरासाठी.
मीच जोडली. जागा क्रमांक चार, खालची रांग,
तांबड्या कापडात गुंडाळलेली वायर.
सहाव्या दिवशी मुलगी सापडली
संत्र्यांच्या गोदामात, जिवंत.
बेकरीवाल्यानं महिनाभर फुकट पाव दिला.
मी खाल्ला, लोणी लावून.

वायर काढायची राहून गेली.
कुणाच्या मनात पाप होतं असं नाही.
वायरमन रजेवर होता, मग कॅप्टनची बदली झाली,
मग तिची सवयच झाली.
फरशी पुसताना उचलायची, पुसून झालं की ठेवायची.

त्र्याहत्तरच्या जूनमध्ये दुसरा आला.
त्यानं टोपी काढली नाही.
काही मागितलंही नाही.
खुर्ची ओढली, हेडफोन कानाला लावला,
जसा काही पाट त्याच्यासाठीच मांडला होता.

आधी शाळामास्तर गेला.
मग सुईणीचा मुलगा. मग सुईण.
मी प्लग लावत राहिले.
कोणता नंबर हवाय, विचारत राहिले,
आवाज तोच, गोड,
नोकरीत शिकवलेला.

बेकरीवाल्याची मुलगी अजून येते रविवारी,
गुडघे दुखतात तिचे आता.
ती समोर बसली की वाटतं, जोडली ते बरंच केलं.
ती गेली की झोप येत नाही.

मावशी, माझ्यावर विश्वास नाही का, म्हणतोस.
आहे रे.
घराची किल्ली तुझ्याकडेच आहे, पेन्शनचं पुस्तकही.
पण तू काय स्वतःपुरती वायर टाकतोयस?
तू पाच वर्षं बसशील त्या खुर्चीत, फार तर दहा.
तुझ्यानंतर कोण बसणार, त्याचं नाव सांग.
नाव नको, जाऊ दे.
तो टोपी काढेल का, एवढंच सांग.

पाणी गार झालं.
थांब, पुन्हा ठेवते.