पाठ

बावतीसचा चेहरा कसा, विचाराल,
तर मला पटकन सांगता येणार नाही.
सहा वर्षं त्याच्या मागून धावतेय.
मला त्याची पाठ पाठ आहे.
बर्फाच्या कारखान्यात लाद्या ओढून
उजवा खांदा बोटभर खाली गेलेला,
मानेवर दोन सुरकुत्यांची फुली,
बनियनला मागे एक भोक,
दर वर्षी थोडं मोठं होणारं.
बनियन तेच.

पहाटे साडेपाचला तो कट्ट्याहून, मी काळश्यातून.
धामापूरच्या तळ्याच्या बांधावर गाठ.
"चल" म्हणायचा, की टाच दिसायची,
मग माथा येईपर्यंत टाचच.

"कोणाच्या फाटसून धावतंस गो?"
पाणंदीत शेण भरता भरता वायंगणकरीण विचारी,
पाटी कमरेवर, डोळ्यांत अख्खी वाडी.
"बावतीसच्या," मी सांगे. खोटं काय त्यात?
दुपारपर्यंत ते महावितरणच्या कचेरीत माझ्या टेबलावर आलं,
संध्याकाळी घरी.
नवऱ्याने भाकरी मोडत विचारलं,
"मगे, गाठलंस काय तेका?"
"छे रे. चढावर सुटतो."

वाट त्याने मला पाठमोरी शिकवली.
डावा हात हलला तर मूळ.
दोन बोटं, सुटा जांभा.
मूठ वळली तर जनावर, आहेस तिथे थांब.
मूठ एकदाच वळली.
फुरसं वाटेच्या मधोमध,
निवांत,
जणू आमची पावती फाडायला बसलेलं.

आता गुडघ्यात पाणी झालंय त्याच्या.
कुडाळच्या डॉक्टराने सुईने काढलं,
पिवळट, अर्धा कप भरेल एवढं.
"माझ्या ढोपरात धामापूर झालाहा," म्हणाला,
आणि हसला असावा. खांदे हलले.
मग आज बांधावर बाजूला झाला.
"तू फुडे हो."

पुढे काहीच नव्हतं.
आईनाची सुसरीसारखी साल,
किंजळीखालचा काळोख, दवाने निसरडी घाटी,
सगळं एकदम अंगावर आलं,
मध्ये कुणाची पाठ नसताना.
आणि पहिल्याच वळणावर तोंडावर जाळं.
पुसलं. दुसरं.
डोळ्यांत, ओठांवर, नाकाच्या शेंड्यावर
रात्रभर विणलेलं चिकट, कोळ्यासकट.
माथ्यापर्यंत मी अकरा मोजली,
मग मोजायचं सोडलं.

सहा वर्षं ही सगळी
त्याच्या तोंडावर तुटत होती.
मला वाटायचं, वाट अशीच असते,
मोकळी.

सड्यावर कातळ अजून गार होता.
गवत पिवळं पडायला लागलेलं, त्यात कुणाची तरी एक चुकार म्हैस.
खाली तळं,
झाकण सरकवून ठेवलेल्या पेजेच्या टोपासारखं,
वाफ नुसती कडेकडेने.
देवळात कुणीतरी घंटा वाजवली,
ती वर येईस्तोवर पातळ झाली.
मी घड्याळ बघितलं. नेहमीपेक्षा चार मिनिटं जास्त.
बावतीस असता तर हसला असता,
आणि मला ते दिसलं नसतं.

बऱ्याच वेळाने तो आला.
चालत, हातात कुंभ्याची काठी,
समोरून.
थोराड नाक. भुवया पांढऱ्या. एक दात नाही.
मी ओळख नसल्यासारखी बघत राहिले.
"तोंडार काय गो तुझ्या?"
"जाळी."
"हां," म्हणाला, जसं कोणी म्हणावं
हां, आज मंगळवार.
आणि खिशातली दोन केळी काढली,
एक दबलेलं. ते स्वतः खाल्लं.

उतरताना धावलो नाही.
मी पुढे. मागे काठीचा ठोका, पाऊल, पाऊल, ठोका.
आईनाशी माझा डावा हात
माझ्याआधी हलला.
ठोका थांबला.
मग मागून, जरा वैतागून,
"मूळ न्हय गो ता. वेल आसा."