बंद नाक

दोन आठवडे गोळ्या घेतल्यावर
हेल्दुरचं नाक चोंदलं.
"सर्दी झाली," तो कुरकुरला.
मी म्हटलं, छान. म्हणजे शिरा सैलावल्या.
आता मीठ खा, पाणी पी, शुक्रवारी ये.

तार्तूत त्या शुक्रवारी उणे अठरा.
सगळं शहर गोठलेलं, आणि हा माणूस
घामाने निथळत टेबलावर.
वीस वर्षं बेटावरचे लोक त्याला भित्रा म्हणत आले,
फेरीचा भोंगा वाजला की पांढराफटक पडतो म्हणून.
कुणाला ठाऊक, मूत्रपिंडाच्या डोक्यावर
अक्रोडाएवढी गाठ
चोरून भीती गाळत बसलीय.

नळी घालण्याआधी मी थांबले. अजून थोडं खोल.
झोपलेल्याच्याही घशाला कळतं.

मग रीनाचं बोट गाठीला लागलं.
एकशे चाळीस. दोनशे दहा. दोनशे साठ.
"हात काढ."
तिने काढला. भिंतीकडे बघत उभी राहिली.
माझ्या अंगठ्याखाली सिरिंज,
थेंब, थेंब, आणि थांब.

"शीर बांधू?"
बांध.

आणि आकडे जिन्यावरून घरंगळले.
साठ. पंचेचाळीस.
भीतीच्याच आधाराने उभं होतं हे शरीर इतकी वर्षं,
ती काढल्यावर टेकायचं कशावर?
मघाशी जे अडवत होते
तेच उसनं देत राहिले, तासभर.

संध्याकाळी तो शुद्धीवर आला.
खिडकीखालून बर्फ ओढणारी गाडी खडखडत गेली.
त्याने मान वळवली नाही.
"नाक अजून बंदच आहे," एवढंच म्हणाला.