मागणं आणि मागणी

दर रविवारी साडेदहाला
सानपाड्याच्या वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर
आम्ही चौदा जण जमतो, कधी नऊ.
मूर्ती नाही, तसबीर नाही.
काचेच्या वाटीत एक ज्योत,
आणि पंखा लावायचा की ज्योत ठेवायची
यावर दर उन्हाळ्यात एक ठराव.
देव एक, असं आम्ही मानतो.
काही जण तेवढंही मानत नाहीत,
पण वर्गणी वेळेवर भरतात.

मी पेटी वाजवते.
पेटी कारखानिसांच्या आत्याची.
खाडीची हवा लागली की
मंद्रातला कोमल धैवत अडकतो.
त्याला वळसा घालून जाणारी पदं
मला पाठ आहेत.

त्या रविवारी वहीतलं एकतिसावं पद होतं.
वृंदा तिला घेऊन आली:
सोजरबाई खंडागळे,
तुर्भ्याला कचरा निवडणारी,
हातमोज्यांसाठी आणि हजेरीसाठी
बेलापुरात पालिकेपुढे सत्तावीस दिवस बसलेली.
"एक गाणं म्हणतील," वृंदा म्हणाली.

कारखानीस चिटणीस. चष्मा पुसत म्हणाले,
"उपासनेत मागणं असतं, बाई. मागणी नको."
सगळं एका वेलांटीवर अडलं.
सोजरबाई म्हणाली,
"दोन्हीला तोंड एकच लागतंय, दादा."

मी विचारलं, पट्टी कोणती?
"वरडायची."

काळी चारला सापडली, जराशी चढी.
गाण्यात नुसती नावंच होती,
ठेकेदाराच्या पटावर नसलेली.
ती एकेक नाव वर भिरकवायची
आणि तिच्यासोबतच्या दोघी झेलायच्या.
पारूबाई कसबे. हजर.
शेवंता लोंढे. हजर.
काचेनं अंगठा गेलेली गोदा. हजर.
चौथ्या नावाला वृंदा त्यांच्यात मिसळली,
पाचव्याला मोकाशींची नात,
शाळेतल्या सवयीनं हात वर करून.
सातव्याला माझं बोट चुकलं,
धैवतावर पडलं,
आणि तो वाजतच राहिला.

त्याच सुरावर तिनं शेवटचं नाव घेतलं.
दगडू खंडागळे.
गटाराच्या झाकणाखाली उतरलेला तिचा भाऊ.

कोणीच हजर म्हणालं नाही.
त्या दोघीही नाहीत.
भात्यातली हवा संपेपर्यंत
तेवढा धैवत ओरडत होता.
मग तोही थांबला.

आमच्याकडे पदानंतर
दोन मिनिटं मौन असतं.
सोजरबाईला ते ठाऊक नव्हतं.
तिनं आमच्याकडे पाहिलं, रांगेनं,
आणि म्हणाली,
"गप बसायला तुमाला शिकवायला नको."

पुढच्या बैठकीत वाद झाला.
गाणं वहीत घ्यायचं का?
नावं बदलत राहणार, मग छापायचं कसं?
दोघांनी वर्गणी थांबवली.
कारखानीस विरोधातच होते, आजही आहेत.
पण त्या रविवारच्या इतिवृत्तात
'उपस्थिती: सतरा' लिहून त्यांनी खोडलं,
आणि खाली सतरा नावं लिहिली,
अंगठा गेलेली गोदा त्यात नव्हती,
ती आलीच नव्हती.
अठरावी ओळ मोकळी आहे.
तिथं पेन्सिलीनं काहीतरी लिहून पुसलेलं दिसतं.

पेटी अजून दुरुस्तीला टाकलेली नाही.

हातमोजे आले, असा निरोप आहे.
चौदा जोड.
सगळे उजव्या हाताचे.
सोजरबाईनं त्यावर नवं कडवं जुळवलंय,
येत्या रविवारी येते म्हणाली.
पट्टी तीच.