मुठीचं माप

ट्वायला हॉगन दर ऑक्टोबरात येते,
टपालाची गाडी दारात चालूच ठेवून.
शंभर मैलांचा फेरा, बावन्न पेट्या,
मधे झाड म्हणून नाही, नुसतं नेब्रास्काचं गवत.

"आली का धाकटी?"
एवढंच विचारते.

थोरली काचेखाली पहुडलेली असते.
नवी मालिका, पॉलिमरचा सांगाडा, सतरा गोळ्या,
चाप असा की लोण्यातून सुरी.
एकदाच तिनं ती हातात घेतली होती.
बोट चापाशी पोचेना,
पोचलं तर अंगठा घसरे.
"चांगली आहे रे एल्डन,
पण दुसऱ्या कुणाच्या हाताची."

मी म्हणालो, काढतील.
आधी मोठं काढतात, मग लहान,
मग लहानाहून लहान,
शेवटी किल्ल्यांच्या जुडग्यात अडकवतील.
ती हसली नाही.
पेंडीच्या पावतीची कोरी बाजू काउंटरवर पसरून
तिनं पंजा टेकवला, भोवती पेन्सिल फिरवली,
खाली लिहिलं:
मूठ एक बोट आखूड. नळी दोन.
जाडी कोटातून न दिसण्याइतकी.
बाकी काही बदलू नये.
"पाठव त्यांना."

पाठवतो म्हणालो.
पाठवलं नाही. कुणाला पाठवणार?
कागद खणात गेला,
सुट्या स्प्रिंगा आणि न खपलेल्या डावऱ्या म्यानाखाली.

का हवी, हे मी विचारत नाही.
विचारलं की लोक साप सांगतात, कोल्हे सांगतात.
टपालाच्या गाडीत बाळगायला बंदी आहे,
हे तिला ठाऊक आहे, मलाही.
सदतीस नंबरच्या पेटीशी ती काच
चार बोटांपेक्षा खाली करत नाही,
हे सगळ्या गावाला.

सहाव्या वर्षी आली धाकटी.
दुकान बंद करून मी खण उपसला,
पिवळ्या पडलेल्या पंजावर ती ठेवून पाहिली.
तंतोतंत.
इतकी, की मला जरा लाजच वाटली,
न पाठवलेल्या पत्राला उत्तर यावं तशी.

ट्वायला आली. हातमोजा काढला.
सहा हिवाळे गोठलेली झाकणं उघडून
बोटांची पेरं आल्याच्या कुडीसारखी झालेली.
मूठ बसली. जवळजवळ बसली.
पण वरची स्लाइड मागे ओढवेना,
एकदा, दोनदा,
तिसऱ्यांदा दात दाबून.
लहान अंगाची स्प्रिंग ताठ असते,
हे मी तिला आधी सांगायला हवं होतं.
झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात,
तिची आता पुरती झाकतच नव्हती.

"सदतीसची पेटी उपटली ना ऑगस्टात?"
मी म्हणालो, नको तेवढं धीट होत.
"म्हातारा गेला.
मग आता कशाला, ट्वायला?"

तिनं कागद ओळखला.
माझ्याकडे पाहिलं, मग खणाकडे.
काही बोलली नाही.
हात त्या जुन्या रेषेवर ठेवून पाहिला,
सगळीकडून बाहेर आला.

मग माझ्याच कानामागची पेन्सिल ओढून घेतली,
बाकी काही बदलू नये, हे खोडलं,
आणि सावकाश, एकेक अक्षर दाबत:
स्प्रिंग नरम हवी.

"या वेळी तिकीट मी लावते," म्हणाली.
बाहेर गाडी चालूच होती,
एक्कावन्न पेट्या बाकी.