गुण पेन्सिलीनं

मीटिंग हॉलचा एसी गळतोय, खाली प्लॅस्टिकची बादली.
खिडकी लावून घेतली तरी मुंबई नाक्याचे हॉर्न आत येतात.
रंजना खैरनारनं लिंका आठलाच पाठवल्यात,
प्रत्येकाला वेगळी, प्रत्येकाला वीस मिनिटं,
आणि भिंतीवर माझ्याच अक्षरातला कागद:
प्रश्न तेच. क्रमही तोच. आधी गुण, मग गप्पा.

बागूल सर हसले होते त्यावर.
"माणूस खोलीत शिरतानाच कळतो, मॅडम.
बत्तीस वर्षं बघतोय."
इथं कुणी शिरतच नाही, म्हटलं,
नुसता चौकोन उघडतो.

पहिल्या चौकोनात पुस्तकांचं कपाट,
चेहऱ्यावर गोल दिव्याचा मऊ उजेड,
बुबुळात त्याच दिव्याची बारीक बांगडी.
तिसऱ्या वाक्यात माझ्याच कॉलेजचं नाव निघालं,
आमचे ते सर अजून तसेच ओरडतात म्हणे,
आणि माझा हात आपोआप
पाचपैकी साडेचारवर गेला.
प्रश्न अजून विचारलाच नव्हता.

भूल देणारी बाई मी.
औषध शिरेत उतरताना माणूस दहापासून उलटं मोजतो,
सातपर्यंत फारसं कुणी पोचत नाही,
आणि झोप नेमकी कुठल्या आकड्यावर लागली
ते उठल्यावर कुणालाच सांगता येत नाही.

खोडरबर मागितलं.
शिपाई म्हणाला, स्टोअरची सही लागेल.
शेवटी रंजनाच्या पर्समधून निघालं,
तिच्या मुलाचं, स्ट्रॉबेरीच्या वासाचं.
खोडलं. मग ऐकलं.
चार. हे चार तिचे स्वतःचे.

सातवा हेमराज गावित, सुरगाण्याच्याही पुढून.
चौकोन काळा. मग अर्धा चेहरा.
मागे पांढरं काहीतरी; निरखून पाहिलं तर लसींचा फ्रीज,
त्यावर तापमानाचा तक्ता, सकाळ-संध्याकाळच्या सह्या.
"रेंज याच खोलीत येते, मॅ..."
उरलेलं अक्षर डोंगरापलीकडेच राहिलं.

सगळ्यांना विचारलं तेच विचारलं:
रात्रीचे दोन, तुम्ही एकटे,
नळी जात नाहीये, ऑक्सिजन उतरतोय. काय कराल?

"आधी... हाक मारीन कुणाला तरी...
मास्कनं श्वास... नळीचा हट्ट... नाही धर..."
मग नऊ सेकंद काहीच नाही.

बागूलांनी पेन खाली ठेवलं.
"आत्मविश्वास कमी वाटतो."
आत्मविश्वास नव्हे सर, टॉवर.
बोलले नाही. भिंतीकडे बोट केलं फक्त.
तोवर रंजनानं त्याला फोन लावला होता.
बुडालेली सहा मिनिटं तिनं त्याला परत दिली,
दुकानदाराकडून सुटे मागून घ्यावेत तशी,
मोजून, न लाजता.

टेबलावर फोन. आता आवाज स्वच्छ.
कुणीतरी बाळ घेऊन दाराशी आलं असावं, तो म्हणाला,
"थांबा मावशी, दहा मिनिटं," आणि पुढे बोलत राहिला.

शेवटी म्हटलं, तुम्हाला काही विचारायचंय?
(हेही सगळ्यांना. एकानं हॉस्टेलचं विचारलं, दोघांनी सुट्ट्यांचं.)
तो अडखळला.
"विचारायचं नाही. सांगायचंय.
तुमचा चेहरा इकडे सुरुवातीपासून थिजलाय, मॅडम.
डोळे मिटलेले, तोंड अर्धं उघडं.
सांगणं बरं दिसेल का, कळेना.
आवाज धरून चालत राहिलो."

म्हणजे इतका वेळ तो
भूल चढलेल्या एका बाईला उत्तरं देत होता,
आणि तिच्याविषयी
काहीही मत करून घेत नव्हता.

गुण लिहिले. किती ते सांगणार नाही, लखोटा बंद आहे.
बागूल वाकून विचारत होते, काय वाटतं?
आधी तुमचे लिहा, म्हटलं.
त्यांनी लिहिले. मग काहीतरी खोडलं,
खोडरबर न मागता, बोटानंच, काळा डाग पडला.

बादली काठोकाठ आलेली.
"आठवीला घेऊ का आत?" रंजनानं विचारलं.
घे, म्हटलं,
पण तिला पहिल्यांदा हे विचार
की आम्ही दिसतोय का.