वाऱ्यावर

बँकेची शाखा बंद झाली त्या मंगळवारी
दारावर चिकटवलेला कागद दुपारपर्यंतही टिकला नाही.
मॅन्सीच्या मेंढीने कुंपणाशी तो अर्धा खाल्ला होता.
'आपली गैरसोय' एवढंच उरलं.

हेलिसे बेट. माणसं एकशे बारा, झाडं चार,
त्यातली तीन वाकलेली.
आम्हाला वाऱ्यावर सोडलं, एफी म्हणाली,
आणि स्वतःच थबकली,
पिठाने माखलेला हात हवेत तसाच.
वाऱ्यावर.
बरं. मग वाऱ्यालाच लावू कामाला.

पवनचक्की उभी राहायला सहा वर्षं गेली.
सभा किती झाल्या ते माझ्या वहीत आहे,
चहा किती सांडला तेही दिसतं.
एक वाटा पंचवीस पौंडांचा.
इझबेलने वीस दिले आणि बाकीची अंडी;
अंड्यांचीही पावती फाडली मी.
मॅन्सीने छदाम दिला नाही.
"फुकटच्या गोष्टीला पैसे मोजणारे
पहिले शहाणे तुम्ही," म्हणाला,
आणि टेकडी दिसू नये म्हणून
खिडकीतली खुर्ची फिरवून घेतली.

समुद्राखालची तार कधीकधी भरून जाते.
मुख्यभूमीवरून फोन येतो: तुमचं पुरे, बंद करा.
आधी आम्ही बंद करायचो.
आता एफीला निरोप जातो,
रात्रीचे दोन का असेनात, भट्टी तापते.
वादळ जितकं मोठं तितका पाव स्वस्त,
आमच्याच जवाचा, काळसर, थोडा आंबूस,
मुलांना मुळीच न आवडणारा.
(बोट आली नाही त्याच्या नवव्या दिवशी
गुमान खाल्ला त्यांनी.)
काचघरात टोमॅटोही होतात.
चव यथातथाच. खोटं कशाला सांगू.

चक्कीच्या कमाईतून कर्जाची पेटी केली.
पेटी म्हणजे बिस्किटांचा पत्र्याचा डबा,
झाकणावर कुठल्याशा राजघराण्यातलं लग्न.
किल्ली माझ्याकडे, सह्या तिघांच्या.
फेब्रुवारीत मॅन्सी आला, टोपी हातात.
बोटीचं इंजिन गेलं होतं.

तिसरी सही थॉरफिनची,
त्याच्या सख्ख्या भावाची.
एकोणीस वर्षं एकमेकांच्या वाऱ्यालाही
उभे राहिले नव्हते दोघे.
कारण कुत्रा होता म्हणतात, किंवा कुंपण.

थॉरफिनने अर्ज वाचला. चष्मा पुसून पुन्हा वाचला.
"इंजिन कुठलं घेणार, विचार त्याला."
मी विचारलं. मॅन्सीने मला सांगितलं.
"ते नको म्हणावं, त्याचे सुटे भाग मिळत नाहीत."
मी सांगितलं, दोन हातांवर उभ्या असलेल्या माणसाला.
"मग कुठलं, विचार."
असा अर्धा तास.
मी मध्ये, समुद्राखालच्या तारेसारखी.
मग सही झाली.
व्याज दोन टक्के. सगळ्यांना तेवढंच.

हप्ते येतात. कधी नोटा, कधी धुरावलेले मासे;
माशांसाठी वेगळं पान आहे.
दोघे अजून बोलत नाहीत,
पण इंजिनाचं तेल थॉरफिनच बदलतो,
मॅन्सी घरी नसताना.

खुर्ची अजून टेकडीकडे पाठ करूनच आहे.
फक्त परवा वारा पडला, पाती थांबली,
तेव्हा माझ्या दारात आला मॅन्सी.
मान न वळवता, चिडक्या आवाजात
विचारून गेला:
"आज आवाज का येत नाही?"