दोन ते आठ

खैरटोल्याच्या उपकेंद्रात एक पेटी आहे, गार.
झाकणावर निळा शिक्का, चार भाषांत सूचना,
त्यातली एकही आमची नाही.
सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा
मी काटा वाचते, तक्त्यात लिहिते.
दोनच्या खाली नको, आठच्या वर नको.
हे जिनिव्हात ठरलं म्हणतात.
ठरवणाऱ्यांनी आमच्या खिडकीतून पाहिलं असतं
तर अंगणातला सेहेचाळीसचा मे दिसला असता,
नळाखालच्या ओलीत पोट टेकलेली कुत्री,
आणि चपलेला लागलेलं डांबर
काडीनं खरवडणारा उद्धव ड्रायव्हर.

पण नियम खोटा नाही.
जनकाबाई कुमरेच्या गालांवर देवीचे वण आहेत,
डोळे मिटूनही मोजता येतील एवढे खोल.
तिच्या लेकीच्या गालांवर नाहीत.
नातीला तर देवी म्हणजे फक्त पारावरची, शेंदराची.
हे कुणीतरी केलं.
दूर बसून नकाशात टाचण्या टोचल्या,
आणि पायी माणसं धाडली दंडादंडापर्यंत.
मी ते विसरत नाही.

साथीच्या वर्षी त्यांनी दवंडी दिली.
आमचा कोतवाल द्यायचा तशीच:
ऐका हो ऐका,
सगळ्यांना सारखं वाटा,
ज्याला आधी गरज त्याला आधी.
ऐकलं सगळ्यांनी.
ज्यांच्या घरात होतं, त्यांनी कड्या लावून घेतल्या.
कोतवालाच्या हातात डफडं असतं,
किल्ली नसते.
"माहा नंबर कवा?" जनकाबाई विचारायची.
येईल, मी म्हणायचे.
आला.
तोवर तिच्या घरची दोन ताटं
फळीवर पालथी पडली होती.

मागे एक साहेब आले, पांढरकवड्याहून गाडी करून.
दुभाषी पोरगी नागपूरची.
तक्ता पाहिला, फार छान म्हणाले,
मनापासून म्हणाले, कळतं ते.
चहा बशीत ओतून प्यायले, आमचं पाहून.
मग विचारलं, काय हवं?
लाईन, मी म्हटलं.
त्यांनी वहीत लिहिलं,
आणि थोडा वेळ वहीकडेच पाहत राहिले.
ते आमच्या कक्षेत येत नाही,
पोरीनं मराठीत आणलं आणि स्वतःच शरमली.
मग हे सांगणार कोणाले?
सरकारला.
आन् सरकार?
याचं भाषांतर तिनं केलं नाही.

काल रात्री साडेनऊला गेली.
वावटळीत खांब आडवा झाला म्हणे, नाल्याच्या पलीकडे.
झाकण उघडायचं नाही, हा पहिला धडा.
मी पेटीवर गोधडी टाकली आणि वर बसले.
"कोंबडीवानी बसल्या जी सिस्टर," बेबी हसली,
मग तीही बाजूला येऊन टेकली.
आत तेवीस पोरांची लस.
टेकामांची जुळी, गेडामांची चौथी पोरगी
जिचं नाव अजून ठेवलेलं नाही,
विटाभट्टीवरचं ते एक, जे आज आहे,
उद्या कुठल्या जिल्ह्यात असेल कोण जाणे.

पहाटे चारला बल्ब लागला.
काटा आठ पूर्णांक चारवर.
"आठच लिहा ना जी. कोन पाह्यते?"

कुपीवर एक इवला चौकोन असतो, वर्तुळाच्या आत.
ऊन लागलं की तो काळवंडत जातो.
वर्तुळाइतका काळा झाला की कुपी फेकायची.
बेबीनं बॅटरी धरली,
मी एकेक चौकोन डोळ्याशी नेला.
फिकट. फिकट. हा जरा मळका, पण फिकट.
ही युक्तीही त्यांचीच.
एवढ्याशा ठिपक्यात त्यांनी खरं बोलणारं काही ठेवलं,
आणि खांब उभा करायला
त्यांच्याकडे माणूस नाही.

आठ पूर्णांक चार लिहिलं.
कारणाचा रकाना दोन बोटांचा.
त्यात 'वादळ' मावलं.
खांब किती वर्षं वाकलेला होता,
अर्ज किती झाले, ते मावलं नाही.
हा आकडा आता तालुक्याला जाईल, मग पुढे,
जाता जाता त्याची टक्केवारी होईल,
आणि निळ्या शिक्क्याच्या इमारतीत
एखाद्या रेघेचं टोक केसभर वर सरकेल.
सरकू दे.

साडेसहा झाले. उद्धवनं हॉर्न दिला.
मी बर्फाचा पॅक काढून कानाशी हलवला.
आत पाणी बोललं की मगच भरायचा,
फार गारठ्यानंही लस मरते.
अजून गप्प आहे.
थांब रे, मी ओरडले, दोन मिनिटं.